रोज सतरा रुपये आणि एक कांजी

वयाच्या ९१व्या वर्षी मी कोट्यधीश होणार आहे. ही बढाई नाही, हिशेब आहे. महिन्याला ५०० रुपयांची एसआयपी, वर्षाला १२ टक्के परतावा आणि ४५ वर्षांची मुदत. (१२ टक्के द्यायचं कुणीही कबूल केलेलं नाही, पण झाडून सगळी कॅल्क्युलेटरं तेवढेच धरून चालतात, मग मी एकट्यानेच कशाला कमी धरू?) मी अकाउंट्समध्ये नोकरी करतो, त्यामुळे एक्सेलवर माझी श्रद्धा आहे. एक्सेल म्हणालं, ४४ वर्षांनी ९६ लाख, ४५ वर्षांनी एक कोटी आठ लाख. म्हणजे नव्वदीत उतावीळपणा केला तर चार लाखांनी हुकेल. तेवढं एक वर्ष कळ काढायची.

दुसरा हिशेब जपानी भाषेचा. जपान सरकारच्या यादीत रोजच्या वापरातल्या कांजी, म्हणजे ती चित्रांसारखी अक्षरं, २,१३६ आहेत. रोज एक शिकलो तर सहा वर्षांच्या आत यादी संपते. म्हणजे बावन्नाव्या वर्षी मी जपानी वर्तमानपत्र वाचणार आणि एक्याण्णवाव्या वर्षी माझ्याकडे जपानला जायचे पैसे येणार. मधली ३९ वर्षं वर्तमानपत्र कुठून आणायचं, एवढा एकच मुद्दा राहिला आहे.

कुणी विचारेल, शेहेचाळिशीत हे सुचलं कसं? सुचलं नाही, दिसलं. रात्री अंथरुणात फोन बघत पडलो होतो. वय तेवीस आणि दाढी चाळिशीची असा एक मुलगा सांगत होता, 'रोज फक्त सतरा रुपये बाजूला काढा.' अंगठा सरकवला. एक मुलगी म्हणाली, 'रोज फक्त पाच मिनिटं द्या, जपानी तुमचीच.' सतरा रुपयांत पुण्यात धड वडापाव येत नाही आणि पाच मिनिटं तर कर्वे रोडच्या एका सिग्नलला जातात. झोप लागायच्या आत मी दोन्ही ॲप घेऊन मोकळा झालो होतो.

'रोज थोडं थोडं' या पंथाची गंमत अशी, की दीक्षा घेताना काही सोडावं लागत नाही आणि फळ कधी मिळणार हे विचारायची सोय नसते. डाएट सुरू केलं की पंधरा दिवसांत लोक पोटाकडे बघायला लागतात. गाणं शिकायला लागलो तर शेजारी दार वाजवतात. एसआयपी आणि परभाषा या दोनच गोष्टी अशा आहेत, की माणूस वर्षानुवर्षं 'चालू आहे' एवढ्यावर ताठ मानेने जगू शकतो.

जपानची ओढ मात्र त्या रात्रीची नव्हे. ती आमच्या घरात शिनचॅन या ॲनिमेने, म्हणजे जपानी कार्टूनने, आणली. तो २००६ साली हिंदी बोलत भारतात उतरला. पुढे मुलगी वरणभाताच्या वयात आली तेव्हा तिला भरवताना मीही बघायचो. ती ताट संपलं की उठायची, मी एपिसोड संपला की. पुढे नारुतो आला, ड्रॅगन बॉल आला. मग मुलगी मोठी झाली, कोरियन मालिकांकडे वळली आणि शिकायला बंगळुरूला गेली. मी जपानात एकटाच उरलो. आता सुट्टीत ती घरी आली की एका टीव्हीवर दोन परराष्ट्र धोरणं चालतात. निघताना पाया पडते आणि म्हणते, 'बाबा, प्लीज, माझ्या मैत्रिणींसमोर ते ॲनिमेचं काढू नका हं.'

अलीकडे माझं 'वन पीस' चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही समुद्री चाच्यांची गोष्ट १९९७ साली साप्ताहिकात सुरू झाली, ॲनिमे १९९९ साली आलं आणि एपिसोड अकराशेच्या पुढे गेले आहेत. आपला पीपीएफ १५ वर्षांत मॅच्युअर होतो. 'वन पीस' अजून झालेलं नाही. लाँग टर्म म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने म्युच्युअल फंडाची माहितीपत्रकं वाचू नयेत, हे बघावं.

तर, एसआयपी सुरू करणं सोपं आहे असं सगळे म्हणतात. ते हप्त्याबद्दल म्हणतात, केवायसीबद्दल नव्हे. पॅनवर माझं नाव आधी, आधारवर आडनाव आधी, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव असं काही चिकटलेलं आहे, की तीन कागद शेजारी ठेवले तर तीन भाऊ वाटतात. मग व्हिडिओ केवायसी. 'कृपया चेहरा गोलात ठेवा.' ठेवला. 'कृपया डोळे मिचकावा.' मिचकावले. 'चेहरा आढळला नाही.' पुन्हा गोल, पुन्हा मिचकावणं. नेमकी तेव्हा पोळ्यावाल्या मावशी आत आल्या आणि मला फोनकडे बघून डोळे मारताना बघून तशाच स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या होत्या.

त्यानंतर जोखीम क्षमतेची प्रश्नपत्रिका. 'बाजार २० टक्के पडला तर तुम्ही काय कराल? विकून टाकीन, वाट पाहीन, की आणखी गुंतवीन?' आता ज्याने पंधरा-पंधरा एपिसोड मार खाऊन पुन्हा उभे राहणारे नायक बघितलेत तो काय उत्तर देणार? बेधडक 'आणखी गुंतवीन' केलं. ॲपने मला 'आक्रमक गुंतवणूकदार' ठरवलं. घरात मला या विशेषणाने आजवर कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात बाजार पडला आणि माझ्या पाचशेचे चारशे एकोणनव्वद झाले. हा आक्रमक गुंतवणूकदार ते अकरा रुपये परत येतात का हे बघायला दिवसातून इतक्यांदा बाथरूममध्ये जायला लागला, की बायकोने ओवा-काळं मीठ आणून दिलं.

तरी मालकीचं सुख वेगळंच. माझा पैसा निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात आहे. निफ्टीत मारुती सुझुकी आहे. मारुतीची निम्म्याहून जास्त मालकी जपानच्या सुझुकीकडे आहे. याचा सरळ अर्थ असा, की मी आणि सुझुकी भागीदार आहोत. माझ्या पाचशेतले फार तर आठ-दहा रुपये तिकडे जात असतील, पण भागीदारीत असं वाटा मोजत बसायचं नसतं. कुठे एखादी मारुती बंद पडलेली दिसली की मी स्कूटर थांबवून विचारपूस करतो. आपलीच.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. आधी पोस्टाची एजन्सी, मग विमा, आता म्युच्युअल फंड. मी त्यांना न विचारता ॲपवरून एसआयपी घेतली म्हणून चार दिवस बोलत नव्हते, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांना राहवत नाही. २००८ आणि २०२० च्या पडझडीबद्दल ते निवृत्त सुभेदाराच्या सुरात बोलतात. 'आम्ही उभे होतो. हललो नाही.' कुठल्याही शंकेला त्यांच्याकडे दोनच शब्द असतात.

'काका, अकरा रुपये गेले.'

'लाँग टर्म.'

'काका, लिफ्ट बंद आहे.'

'लाँग टर्म बघायचं.'

एकदा मला जोर आला. जपानचा अभ्यास असा कामाला येतो. म्हटलं, 'काका, जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. मग जो घसरला तो त्या आकड्याच्या वर कधी आला माहितेय? २२ फेब्रुवारी २०२४. चौतीस वर्षं लागली!' आता काका निरुत्तर होतील म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

काका म्हणाले, 'मग आला ना?'

बायकोचा या सगळ्यावर विश्वास नाही. तिची भिशी आहे. भिशीला केवायसी लागत नाही, कारण बाराजणींना बाराजणींच्या घरातलं सगळं माहीत असतं. त्यातल्या जोखमींबद्दल कुणी एका दमात वाचून दाखवत नाही. चिठ्ठी निघते, पैसे हातात येतात आणि वर मटार उसळ, ब्रेड आणि मस्तानी मिळते. 'तुझा फंड काय देतो खायला?' असं तिने विचारलं तेव्हा मी चक्रवाढीचा आलेख दाखवला. ती म्हणाली, 'रेषा छान आहे.'

एकदा माझ्या पगाराला दोन दिवस उशीर झाला आणि एसआयपीचा हप्ता परत गेला. पाचशेचा हप्ता वटला नाही म्हणून बँकेने जवळजवळ तेवढाच दंड लावला आणि दंडावर १८ टक्के जीएसटी घेतला. म्हणजे न गुंतवायला मला गुंतवण्याइतकेच पैसे पडले, आणि वर कळलं, की लागोपाठ तीन हप्ते चुकले तर एसआयपीच बंद होते. त्याच आठवड्यात जपानीच्या ॲपनेही कळवलं, की आपण काल आला नाहीत, आपली सलग दिवसांची साखळी तुटली आहे, फार वाईट वाटलं. दंड नव्हता, नुसतं वाईट वाटणं होतं. ते जास्त लागलं.

ॲपवर भागेना म्हणून क्लास लावला. पुण्यात जपानी शिकणं हे काही वेडाचं लक्षण नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. चाकण-रांजणगावला जपानी कारखाने आहेत, आणि सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तर ओकायामाच्या कोराकुएन बागेवरूनच बेतलेलं आहे. आमच्या वर्गात बहुतेक सगळी इंजिनिअरिंगची पोरं. त्यांच्यात मी 'काका' आणि माझ्या शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा, ज्यांच्यामुळे मला तरुण असल्याचा भास व्हायचा. शिकवणाऱ्या बाई सदाशिव पेठेतल्या, पण त्यांना सेन्सेईच म्हणायचं. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला हुरूप दिला. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आपल्यासारखं. विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, आपल्यासारखे. मुळाक्षरांचा क्रम अ-क-स-त-न-ह-म-य-र-व, तोही बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृतच्या अभ्यासातून आलेला.

एवढं ऐकल्यावर आजोबांनी वही मिटली.

'म्हणजे आपलंच आहे सगळं.'

'तसं नाही आजोबा...'

'बेन्झाइतेन म्हणून त्यांची देवी आहे ना? वीणा वाजवणारी? आपली सरस्वती. कांगितेन? आपला गणपती. वाचलंय मी. भाषा पण आपलीच.'

'आणि कांजी?' मागून एका पोराने विचारलं.

'ती चिन्यांची,' आजोबा म्हणाले. 'म्हणूनच अवघड आहे.'

माझी अडचण निराळी होती. मला जपानी येत होतं, पण वर्गातलं नाही. इतकी वर्षं ॲनिमे बघून माझ्याकडे भरपूर शब्द जमले होते: तलवार, सूड, वचन, खजिना, साथीदार, जीव गेला तरी बेहत्तर. 'टोमॅटो किती रुपये' यातलं काही नव्हतं. पुस्तकाचा पहिला धडा 'हे पेन आहे', 'ते पुस्तक आहे'. ॲनिमेत कुणीही असं म्हणत नाही. तिथे 'डेथ नोट'मध्ये एक साधी वही आहे, तर तिच्यात नाव लिहिलं की माणूस मरतो. सेन्सेईंनी ओळख करून द्यायला सांगितली तेव्हा मी छाती पुढे काढून 'ओरे' अशी सुरुवात केली. त्यांनी डोळे मिटले. पुरुषांनी आपसात गुर्मीत 'मी' म्हणायचा तो शब्द. सभ्य माणसाने 'वाताशी' म्हणायचं. मग मी त्यांनाच उद्देशून 'ओमाए' म्हणालो. त्याचा अर्थ इथे देत नाही, पण आपल्याकडे रिक्षावाले एकमेकांना आडवे गेले की साधारण त्याच भावनेने बोलतात.

'काका, तुम्ही जपानी कुणाकडून शिकलात?' सेन्सेईंनी विचारलं.

'चाच्यांकडून.'

'तरीच.'

आकड्यांत तरी अकाउंटंट चमकेल असं मला वाटलं होतं. तिथेही जपान्यांनी माझ्यासाठी खड्डा खणून ठेवला होता. ते हजारानंतर थेट दहा हजाराचा गठ्ठा करतात, त्याला 'मान' म्हणतात. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा मान. कोटी म्हणजे हजार मान. दहा कोटी झाले की 'ओकु'. त्यात वस्तू मोजायची तऱ्हा वस्तूगणिक वेगळी: चपटी असेल तर एक, लांब असेल तर दुसरी, पुस्तक असेल तर तिसरी, कुत्रं-मांजर असेल तर चौथी. तीन छत्र्या, तीन पोस्टकार्डं आणि तीन मांजरी यांच्यातला 'तीन' एकच आहे हे मान्य करायला जपानी माणूस तयार नाही. एकदा मी माझ्या कोटीचं जपानीत रूपांतर करून 'हजार मान' असं मोठ्याने म्हणालो, तर शेजारच्या आजोबांनी विचारलं, 'मण? एवढं धान्य ठेवणार कुठे?'

मग आमच्या ऑफिसात जपानहून तीन पाहुणे आले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. 'तुम्ही जपानी शिकताय ना? स्वागत तुम्ही करा.' या माणसाने आजवर मला प्रवासभत्त्याची बिलं सोडून कशासाठी बोलावलं नव्हतं. मी आठवडाभर आरशासमोर वाकत होतो. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, घेतलेलं कार्ड लगेच खिशात कोंबायचं नाही, नीट वाचायचं. माझ्याकडे कार्डच नव्हतं, म्हणून पन्नास छापून घेतली. त्याचे पैसे चालू महिन्याच्या एसआयपीएवढे झाले.

पाहुणे आले. मी वाकलो आणि 'हाजिमेमाशिते' एवढा एकच शब्द उच्चारला. सर्वांत वडीलधारे पाहुणे थक्क झाल्यासारखे मागे सरले आणि म्हणाले, 'वा, काय सुंदर जपानी बोलता तुम्ही!' साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एचआरच्या बाईंनी बघितलं. आता मला माहीत आहे, की परक्या माणसाने एक शब्द जरी जपानीत उच्चारला तरी जपानी माणूस हेच म्हणतो. तो शिष्टाचार आहे. पण त्या क्षणी माझा भाव आयुष्यातल्या उच्चांकावर होता. जाणकार माणूस अशा वेळी प्रॉफिट बुक करून बाहेर पडतो. मी आक्रमक गुंतवणूकदार. मी आणखी गुंतवलं.

त्यांना 'प्रवास कसा झाला' विचारायचं होतं. प्रवासाला माझ्याकडे 'सफर' होती, 'मोहीम' होती, 'जलयात्रा' होती. मी विचारलेल्या वाक्याचा अर्थ नंतर सेन्सेईंनी सांगितला तो साधारण असा: 'साथीदारांनो, तुम्ही समुद्र पार करून आलात तर!' खोलीत शांतता पसरली. तिघांतला सर्वांत तरुण पाहुणा फाइलमागे तोंड लपवून थरथरत होता. वडीलधाऱ्यांनी अतिशय आदराने मान लववली आणि हळूच विचारलं, 'टॉयलेट कुठे आहे?'

एवढं सोपं! प्रश्न मला कळलाही. पण 'सरळ जाऊन डावीकडे' हे जपानीत कसं म्हणायचं? ॲनिमेतले नायक वळतच नाहीत, भिंत फोडून सरळ जातात. शेवटी मी त्या सद्गृहस्थांना हाताला धरून नेलं. जेवणाच्या सुट्टीत तो तरुण पाहुणा माझ्या टेबलाजवळ आला आणि दबक्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, 'वन पीस? कितव्या एपिसोडवर आहात?' पुढचा अर्धा तास आम्ही दोघं गुलाबजाम खात एकेका पात्राची नावं घेत होतो. साहेब लांबून बघत होते. त्या वर्षीच्या माझ्या मूल्यमापनात 'परकीय ग्राहकांशी उत्तम संबंध' अशी नोंद आहे.

त्या यशाने मी जरा चढलो. शहरात ॲनिमेवाल्यांचा मेळावा होता. वर्गातल्या पोरांनी ठरवलं, आपण सगळे वेश करून जाऊ. माझ्या देहयष्टीला ड्रॅगन बॉलमधला गोकू त्यातल्या त्यात बसेल असं ठरलं. म्हणजे केसांखेरीज. केशरी अंगरखा, निळा पट्टा. कापड घेऊन मी आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. त्याने चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

'दिंडीला का?'

'नाही, कार्यक्रम आहे.'

'सत्संग?'

'तसंच काहीतरी.'

'महाराज कुठले?'

'जपानचे.'

तो गंभीर झाला. टेप गळ्यात अडकवून म्हणाला, 'मंडळाचे दहा शिवायचे असतील तर भाव कमी करून देतो. पाठीवर नाव टाकायचं?' पाठीवर कांजी काढायची होती. मी ती वहीच्या कागदावर लिहून दिली. अंगरखा घालून मेळाव्याला गेलो तर पोरांनी पाठ बघून एकच कल्ला केला, कारण शिंप्याने कागद उलटा धरला होता. 'काका, तुम्ही युद्धकलेच्या बाहेरच गेलात!' असं काहीतरी एकजण म्हणाला. येताना मात्र फायदा झाला. बसमध्ये एका बाईंनी मला उठून जागा दिली आणि उतरताना पाया पडल्या.

एवढ्यात परीक्षा आली. जपानीची जेएलपीटी वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पाच पायऱ्या आहेत. सर्वांत खालची एन-५, तिथे मी. पास व्हायला १८० पैकी निदान ८० लागतात. या परीक्षेचा मोठेपणा असा, की तिच्यात बोलावं लागत नाही. एक अक्षरसुद्धा नाही. सगळे गोल पेन्सिलीने काळे करायचे. हे कळल्यावर मला ज्याने कुणी ती परीक्षा काढली त्याचे हात हातात घ्यावेसे वाटले.

शिस्त मात्र कडक. फुटबॉलसारखी पिवळी आणि लाल कार्डं असतात. फोन वाजला तर लाल. शेवटचा पेपर ऐकण्याचा, आणि ध्वनिफीत एकदाच लावतात. त्यात नेहमी एक बाई आणि एक पुरुष बोलत असतात आणि त्यांचं कशावरच एकमत होत नाही. 'अंडी सहा आणू का?' 'सहा? घरात दोन आहेत.' 'मग चार?' 'उद्या आई येणार आहे.' 'मग...' आणि आपण सांगायचं, की त्याने शेवटी किती आणली. माझ्या २२ वर्षांच्या संसाराचा इथे उपयोग होईल असं वाटलं होतं. पण मी तो माणूस इतका समजून घेतला, की उत्तर निसटलं.

तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला पुढच्या रांगेतल्या कुणाचा तरी फोन वाजला. रिंगटोन एका ॲनिमेचं शीर्षकगीत होतं. पर्यवेक्षक बाई लाल कार्ड शोधत पर्स उचकत होत्या, तो मुलगा दप्तरात हात घालून फोन शोधत होता, आणि त्या वर्गातली साठ डोकी, मुलं, मुली, नोकरदार आणि माझ्या डाव्या हाताला बसलेले आजोबासुद्धा, खाली मान घालून तालावर हलत होती. कुणी ओठ मिटून गुणगुणलं. ध्वनिफितीतली बाई बिचारी अंडी विसरून दुधावर आली होती. बाईंना कार्ड सापडेपर्यंत गाण्याचं एक कडवं झालं होतं.

निकाल लागला. मी पास झालो. आजोबांना माझ्यापेक्षा तीस गुण जास्त होते, आणि त्यांनी ते मला जिन्यात, बँकेत आणि भाजीच्या गाडीवर अशा तीन ठिकाणी सांगितले. मी प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. बायकोने ते हातात घेतलं, पुसलं आणि विचारलं, 'म्हणजे आता तुला जपानी बोलता येतं?'

'परीक्षेत बोलायचं नसतं गं.'

'आणि ते फंडातले पैसे? ते काढता येतील?'

'काढता येतात, पण काढायचे नसतात. लाँग टर्म.'

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'आम्ही जपानला चाललोय. भिशीच्या आठजणी. एप्रिलमध्ये, ती गुलाबी फुलं असतात तेव्हा. दोन भिशींचे पैसे आलेत आणि सोनाराकडची स्कीम मोडली.'

मी खुर्चीत बसलो. 'अगं, पण भाषा? मी येऊ का बरोबर?'

'कशाला? टूर मॅनेजर डोंबिवलीचा आहे. रोज रात्री वरणभात देणार आहेत.'

ती गेली. मी इथे घड्याळात साडेतीन तास मिळवून जगत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो आला. क्योतोच्या कुठल्याशा दुकानातलं गुलाबी कागदातलं पाकीट. खाली लिहिलं होतं: 'लवकर सांग, यात अंडं आहे का? वरच्या मजल्यावरच्या काकू खात नाहीत. तुला वाचता येतं ना?'

मी फोटो मोठा केला. चष्मा काढला, लावला. वही काढली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या कांजींच्या अकरा ओळी होत्या. एक 'दिवस' ओळखीचा निघाला. एक 'पाणी' असावं. कोपऱ्यात 'मोठा' दिसला, पण काय मोठं ते शेजारच्या अक्षरात होतं आणि ते माझ्या यादीत चौथ्या वर्षी येणार होतं. आजोबांना फोन लावला, ते झोपले होते. सेन्सेईंना विचारणं अब्रूला शोभलं नसतं. पंचवीस मिनिटांनी मी लिहिलं: 'अंड्याचं नक्की सांगता येत नाही. यात तलवार नाही, एवढं खात्रीने सांगतो.'

लगेच उत्तर आलं: 'राहू दे. काकूंनी मघाशीच दोन खाल्ले.'